डिझेल-विद्युत पाणबुडी : रचना, बांधणी आणि सेवा

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील माळेगाव बुद्रुक हे गाव ऊस आणि सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखले जाते, आणि पाणबुडीसारख्या विषयाशी त्याचा संबंध जोडणे वरकरणी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु याच नीरेच्या खोऱ्यात, शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, आणि साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता वाढलेल्या तिथल्या उद्योगाने पुढे नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स बनवले, तसेच २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे जलावतरण झालेल्या ‘अरिहंत’ या अणुशक्तीवरील पाणबुडीच्या वाफेच्या टर्बाइनशी निगडित यंत्रणा पुरवली. या उद्योगाचे संस्थापक, १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीच १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी करवली होती. आज हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गोदीत नौदलाच्या पाणबुड्यांची मोठी दुरुस्तीही होत आली आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील उसाच्या पट्ट्यातून समुद्राखालच्या युद्धनौकेकडे जाणारी वाट त्यामुळे वाटते तितकी लांबची नाही.

डिझेल-विद्युत पाणबुडीचे मर्म समजून घेण्यासाठीही साखर कारखान्यापासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे. ज्या कारखान्यात उसाची मिल वाफेच्या टर्बाइनवर चालते, तिथे टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि ऊस पिळणारे रोलर मात्र मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. या दोहोंमधला वेग उतरवण्याचे काम दातेरी चाकांचे प्रचंड गिअरबॉक्स करतात, आणि गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात जी अखंड घरघर ऐकू येते, तिच्यात या दातांच्या एकमेकांत गुंतण्याचा मोठा वाटा असतो. अणुशक्तीवरील बहुतेक पाणबुड्यांतही हीच साखळी असते : अणुभट्टी वाफ तयार करते, वाफेने टर्बाइन फिरते, आणि वेगवान टर्बाइन व संथ पंखा यांच्यामध्ये गिअरबॉक्स येतो. दातावर दात येऊन होणारा आवाज ठरावीक कंपनसंख्येचा असल्यामुळे शत्रूचे श्रवणयंत्र तो नेमका टिपू शकते, म्हणून पाणबुडीच्या गिअरचे दात विलक्षण अचूकतेने घासून घ्यावे लागतात. विजेची मोटर मात्र मुळातच संथ फिरणारी बनवता येते आणि तिचा दांडा सरळ पंख्याला जोडता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या पाणबुडीत त्या वेळी भट्टीचे पंप, टर्बाइन, गिअर यांपैकी काहीच फिरत नसते, आणि आकाराने लहान, पल्ल्याने कमी असलेली ही नौका आजही बलाढ्य नौदलांना धास्ती का वाटायला लावते, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

तिची मांडणी थोडक्यात अशी असते. डिझेल इंजिनाला जळणासाठी हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते, म्हणून इंजिनाने थेट पंखा न फिरवता जनित्र फिरवायचे, त्या विजेने बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि बुडी मारल्यावर केवळ बॅटरीतील विजेवर मोटर चालवायची. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्या याच पद्धतीच्या असून त्यांचे मूळ आरेखन फ्रान्सच्या ‘स्कॉर्पीन’ या पाणबुडीचे आहे. लांबी सुमारे ६७.५ मीटर, पाण्याखाली असतानाचे विस्थापन सुमारे १,७७५ टन, आणि पोटात ३६० बॅटरी-घट, ज्यांतील प्रत्येकाचे वजन ७५० किलो. म्हणजे एकट्या बॅटरीचेच वजन २७० टन, साऱ्या नौकेच्या जवळपास सातव्या हिश्शाइतके. हे घट मोटारगाडीच्या बॅटरीप्रमाणेच शिसे आणि गंधकाम्ल यांच्यावर चालतात. अशा प्रत्येक घटातून सुमारे दोन व्होल्टच मिळतात, म्हणून ते शेकड्याने एकापुढे एक जोडावे लागतात. बॅटरी जड असणे हा दोष मानण्याचे कारण नाही, कारण पाण्याखाली जाणाऱ्या नौकेला तळाशी वजन हवेच असते आणि तेच तिला कलंडू देत नाही.

या बॅटरीतून किती काळ निघेल, हे वेगावर ठरते, आणि इथले गणित निष्ठुर आहे. पाण्यातून जाताना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते, चौपट केला तर चौसष्टपट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. चार-पाच नॉटच्या, म्हणजे माणूस भराभर चालेल अशा वेगाने या वर्गाची पाणबुडी बॅटरीवर सुमारे ५५० सागरी मैल जाऊ शकते, म्हणजे तिला जवळजवळ पाच दिवस मिळतात. तीच पाणबुडी वीस नॉटच्या सर्वोच्च वेगाने निघाली तर बॅटरी तास-दोन तासांत संपण्याच्या बेतात येते. म्हणून पाणबुडीचा कप्तान धावणारा शिकारी नसतो. लक्ष्य ज्या वाटेने येणार त्या वाटेवर आधीच जाऊन थांबणे हाच त्याचा डाव असतो, आणि एकदा हल्ला केल्यानंतर निसटून जाण्यापुरती वीज शिल्लक आहे ना, याचा हिशेब त्याला हल्ल्यापूर्वीच मांडून ठेवावा लागतो.

बॅटरी उतरली की ती भरण्यासाठी हवा लागते. पूर्वी त्यासाठी पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागे; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्नॉर्कलचा, म्हणजे पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणाऱ्या हवेच्या नळीचा, वापर रूढ झाला आणि पाणबुडीला पेरिस्कोपच्या खोलीवर राहूनच इंजिन चालवता येऊ लागले. लाट नळीच्या डोक्यावरून गेली की तिथली झडप आपोआप मिटते, इंजिन मात्र चालूच असते आणि क्षणभर ते नौकेच्या आतलीच हवा ओढते, त्यामुळे आतला दाब एकदम उतरतो आणि सर्वांच्या कानांत दडे बसतात. झडप उघडली की दाब पुन्हा चढतो. खवळलेल्या समुद्रात हे तासन्तास चालते. शिवाय हीच वेळ धोक्याची असते : इंजिनाचा आवाज दूरवर जातो, नळीचे डोके विमानाच्या रडारला दिसू शकते आणि धुराची ऊष्माही टिपता येते. एकूण गस्तीपैकी किती वेळ असे उघडे पडावे लागते, या प्रमाणावर पाणबुडीचे मोल जोखले जाते, आणि पुढे येणाऱ्या अंबरनाथच्या संशोधनाचा सारा रोख हे प्रमाण घटवण्याकडे आहे.

बॅटरीत आणखी एक संकट दडलेले असते. चार्जिंगच्या वेळी, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, आम्लातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेले की ठिणगी पुरेशी होते. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर त्यातील मिठामुळे विषारी क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून बॅटरी-कक्षाचे पंखे, हायड्रोजन मोजणारी उपकरणे आणि निवडक घटांतील आम्लाची घनता व तापमान यांच्या ठरावीक वेळी घेतलेल्या नोंदी ही सेवेतली रोजची कामे असली तरी त्यांत हयगय चालत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला ‘सिंधुरक्षक’वर बॅटरीतून गळालेल्या हायड्रोजनमुळे आग लागून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. तीच पाणबुडी १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे मुंबईच्या नौदल गोदीत शस्त्रास्त्रांच्या स्फोटांनी बुडाली आणि १८ जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’वर लागलेल्या आगीत दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, आणि या अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पाणबुडीच्या बळाची चर्चा करताना या माणसांची आठवण बाजूला ठेवता येत नाही.

नौका बुडवणे आणि पुन्हा वर आणणे यामागचे तत्त्व आर्किमिडीजचेच आहे. बाहेरच्या बाजूला असलेल्या बॅलास्ट टाक्यांत पाणी घेतले की नौका जड होऊन बुडते, आणि बाटल्यांत दाबून ठेवलेल्या हवेने ते पाणी बाहेर लोटले की ती वर येते. अवघड भाग त्यानंतरचा असतो, कारण खोलवर स्थिर राहायचे तर नौकेचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असावे लागते, आणि हे दोन्ही आकडे सतत बदलत असतात. डिझेल जळत जाते तशी टाकीत त्याची जागा समुद्राचे पाणी घेते, आणि ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे नौकेचे वजन वाढते; धान्य संपते तसे ते घटते; टॉर्पेडो सुटला की पुढची बाजू हलकी होते. पावसाळ्यात कोकणच्या नद्या समुद्रात गोडे पाणी ओततात, आणि पाण्याची घनता एक टक्क्याने जरी उतरली तरी १,७७५ टनांची नौका एकाएकी अठरा टनांनी जड झाल्यासारखी खाली जाऊ लागते. हा तोल ट्रिम टाक्यांतील पाणी पुढे-मागे आणि आत-बाहेर करून सांभाळला जातो, आणि ज्याच्या हाती हे काम असते त्याचे कसब दिसते ते काहीही घडत नसताना.

दाबाची बाब याहून कठोर आहे. दर दहा मीटर खोलीला वातावरणाइतका एक दाब वाढतो, म्हणजे ३०० मीटर खोलीवर पोलादाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार येतो. माणसे आणि यंत्रे ज्याच्या आत असतात ते दाबरोधी कवच, ज्याला प्रेशर हल म्हणतात, त्यामुळे वर्तुळाकार छेदाचे असते. वर्तुळावर चहूबाजूंनी सारखा भार आला की पोलाद केवळ दाबले जाते, पण वर्तुळ किंचित जरी बिघडले तर त्या जागी ते वाकू लागते आणि मग कोसळण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून वाकवलेल्या पत्र्यांच्या कड्या करताना गोलाईतील फरक मिलिमीटरांत मोजतात. या विशेष पोलादाचा सांधा तडकू नये म्हणून वेल्डिंगपूर्वी तो ठरावीक तापमानापर्यंत तापवून तसाच राखतात, आणि पूर्ण झालेला सांधा क्ष-किरण व श्राव्यातीत ध्वनी यांनी तपासून दोष सापडल्यास तेवढा भाग खरवडून पुन्हा भरतात. अशा कड्यांचे भाग होतात, त्या भागांत यंत्रे रबरी आधारांवर बसवली जातात, जेणेकरून त्यांचे कंपन कवचापर्यंत आणि तिथून पाण्यात पोहोचू नये, आणि अखेरीस पाच भाग एकमेकांना जोडले जातात. माझगावच्या भाषेत या टप्प्याला ‘बूट टुगेदर’ म्हणतात. एका पाणबुडीत सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर नळ्या असतात, आणि त्या इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की एखादी नळी चुकीच्या क्रमाने बसली तर तिच्या आड गेलेले काम पुन्हा हाती घेण्यासाठी बरेच काही उकलावे लागते.

हे कौशल्य मुंबईने दोनदा मिळवले, ही भारतीय पाणबुडीबांधणीची सर्वांत शिकवणारी आणि दुखरी कथा आहे. ११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी झालेल्या करारानुसार दोन पाणबुड्या कील येथे आणि दोन माझगाव डॉकमध्ये बांधायच्या होत्या. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ‘शाल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली आणि २८ मे १९९४ रोजी ‘शंकुल’ आली. पुढच्या दोन पाणबुड्यांचा बेत दलालीच्या आरोपांच्या वादळात मागे पडला, आणि कारखाना, यंत्रे व शिकलेले हात असूनही गोदीकडे पाणबुडी बांधण्याचे काम उरले नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये स्कॉर्पीनचा करार झाला तेव्हा अकरा वर्षे उलटली होती. प्रशिक्षित वेल्डर आणि तंत्रज्ञ निवृत्त झाले होते किंवा अन्यत्र गेले होते, आणि माणसे पुन्हा पहिल्यापासून घडवावी लागली. २०१२ मध्ये अपेक्षित असलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली. या विलंबाला परदेशी सामग्रीच्या खरेदीसह इतरही कारणे होती, तथापि तुटलेल्या परंपरेची किंमत त्यात मोठी होती, असेच मानावे लागते. वालचंदांच्या विशाखापट्टणमच्या गोदीतही याचा पडताळा येतो : तिथे २००६ मध्ये दुरुस्तीला गेलेली ‘सिंधुकीर्ती’ बाहेर पडायला सुमारे नऊ वर्षे लागली.

कलवरीनंतर २८ सप्टेंबर २०१९ रोजी ‘खांदेरी’ आली. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी, इंग्रजांचा विरोध मोडून ज्या बेटावर तटबंदी उभारली, त्या बेटाचे नाव या पाणबुडीला मिळाले आहे, आणि त्याच मुंबईच्या गोदीत ती बांधली गेली, ही मराठी वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे. पाठोपाठ ‘करंज’, ‘वेला’, ‘वागीर’ आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ‘वागशीर’ आली. प्रत्येकीत टॉर्पेडो व पाण्याखालून सोडता येणारी जहाजविरोधी क्षेपणास्त्रे यांसाठी सहा नळ्या असून एकूण अठरा अस्त्रे नेता येतात.

समुद्रात प्रकाश थोड्याच अंतरावर विरतो, रडारच्या लहरीही पाण्यात शिरत नाहीत, ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने मैलोगणती जातो. म्हणून पाणबुडीचे डोळे म्हणजे तिचे कान, अर्थात सोनार. अरबी समुद्रात वरचे पाणी उष्ण आणि खालचे थंड असल्याने ध्वनीचे किरण खाली वळतात व काही अंतरापलीकडे ध्वनीची सावली पडते. दुपारच्या उन्हात वरचा थर आणखी तापला की जहाजाच्या सोनारचा पल्ला अधिकच आखडतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या डिझेल-विद्युत पाणबुडीने ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली. तिच्या शोधासाठीच निघालेल्या त्या जहाजासह कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, एकूण १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. उथळ, उबदार पाण्यात बॅटरीवर दबा धरलेली पाणबुडी शोधणे किती कठीण असते, हे भारतीय नौदलाने त्या रात्री जबर किंमत मोजून जाणले.

आतल्या माणसांची संख्या थोडी असते : कलवरी वर्गात आठ अधिकारी आणि सुमारे पस्तीस नौसैनिक. विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या प्रशिक्षण केंद्रात शिकल्यानंतरही उमेदवाराला छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लगेच मिळत नाही. पाणबुडीवर राहून, आपल्या कामाच्या पलीकडची प्रत्येक झडप, प्रत्येक कक्षातील यंत्रणा हाताखालून घालून, परीक्षा द्यावी लागते, कारण पाणी शिरले किंवा धूर झाला तर जवळ जो असेल त्यालाच, तो स्वयंपाकी असला तरी, पहिली कृती करायची असते. दिवस-रात्रीचा फरक उरत नाही, पहाऱ्यांची पाळी हेच घड्याळ होते. श्वासातून साठणारा कर्बवायू रसायनांनी शोषून घ्यावा लागतो. आणि शत्रू जवळ असल्याचा संशय आला की हातातली पक्कड खाली पडणार नाही इथपर्यंत काळजी घेतली जाते. पाणबुडी तळाशी अडकल्यास खलाशांना बाहेर काढणारे स्वतंत्र बचावयान डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले; त्यापूर्वी अशा प्रसंगी दुसऱ्या देशाच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले असते. इंडोनेशियाची ‘नांगाला’ ही पाणबुडी एप्रिल २०२१ मध्ये ५३ जणांसह बेपत्ता झाली, तेव्हा भारताने आपले बचावयान तिकडे रवाना केले होते.

स्नॉर्कलची गरज कमी करण्यासाठी जगभर हवेवाचून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रणा पुढे आल्या आहेत. स्वीडनने त्यासाठी स्टर्लिंग इंजिन वापरले, जर्मनीने हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणारे इंधनघट वापरले. भारतात हे काम ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने हाती घेतले. तिच्या यंत्रणेत फॉस्फोरिक आम्लाचे इंधनघट असून हायड्रोजन टाक्यांत भरून न नेता पाणबुडीतच तयार केला जातो. मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी झाली, आणि या कामात लार्सन अँड टुब्रोबरोबर पुण्याच्या थरमॅक्सचाही वाटा होता. वेग देण्याचे काम हे घट करू शकत नाहीत, ती जबाबदारी बॅटरीचीच राहते. मात्र संथ गस्तीत ते बॅटरी न वापरता अनेक दिवस निभावून नेतात. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने ही यंत्रणा बांधून पाणबुड्यांत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.

ही यंत्रणा बसवायची म्हणजे तयार पाणबुडीचे दाबरोधी कवच कापायचे, मध्ये नव्या यंत्रणेचा संपूर्ण भाग घालायचा आणि वर्तुळ मिलिमीटरभरही न बिघडवता ते पुन्हा जोडायचे. वजनाचा तोल, केबल, नळ्या यांची मांडणी पुन्हा सिद्ध करायची. सहा पाणबुड्या बांधून तयार झालेल्या हातांनाच हे जमू शकते. ‘वागशीर’ नौदलात दाखल झाली त्या दिवशी पुढच्या सहा पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता. १९९४ नंतरची अकरा वर्षे पुन्हा येऊ द्यायची नसतील, तर माझगावच्या वेल्डरच्या हाती पुढचे काम तो निवृत्त होण्याआधी पडले पाहिजे.